दुसरी पदवी कुणासाठी?

जबडा, चेहरा आणि तोंड यांच्या शस्त्रक्रिया करणारा सर्जन आपल्या देशात दंतवैद्यकाच्या वाटेने घडतो. चार वर्षे बीडीएसचा अभ्यास, एक वर्ष आंतरवासिता आणि मग ओरल अँड मॅक्सिलोफेशियल सर्जरी या विषयात तीन वर्षांची एमडीएस. एकूण आठ वर्षे. एवढे शिकलेल्या माणसाने पुन्हा पहिल्या पायरीवर जाऊन एमबीबीएस करावे काय, केल्याने त्याचा आणि रुग्णाचा फायदा होतो काय, हा वाद डॉक्टर मंडळींत जुनाच आहे. तो त्यांच्या परिषदांत रंगतो आणि तिथेच विरतो. मग चळवळीच्या दैनिकाने त्यात का पडावे, असे कोणी वाचक विचारील. पडले पाहिजे, कारण या वादाची किंमत कोण मोजतो ते मी वकील म्हणून पोलीस ठाण्यात आणि कोर्टात पाहत आलो आहे.

थळचेच उदाहरण घेऊ. समोर खांदेरी-उंदेरी, किनाऱ्याला बंदर आणि कोळीवाडा, मागे आरसीएफचा खत कारखाना, आणि शनिवार-रविवारी मांडव्याला उतरणाऱ्या पर्यटकांची गर्दी. इथे जबडा मोडायला कारणे कमी नाहीत. मोटारसायकल घसरते, होडीवरचा ताणलेला दोर तुटून तोंडावर बसतो. १९ ऑक्टोबर २०२२ रोजी थळच्या आरसीएफमध्ये स्फोट होऊन तीन जणांचा जीव गेला, तेव्हा जिल्ह्यात चेहऱ्याच्या आणि भाजल्याच्या जखमांवर उपचार कुठे होतात, हा प्रश्न प्रत्येक कामगाराच्या घरात विचारला गेला असेल. या सगळ्यांखेरीज आणखी एक कारण आहे, मारहाण. ते आपल्या समाजाला नवे नाही.

मारहाणीत हाड मोडले की नाही, यावर सगळा गुन्हा फिरतो. जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३२० मध्ये ‘गंभीर दुखापत’ म्हणजे काय ते मोजून सांगितले होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ मध्येही ते आहे. हाड किंवा दात मोडणे अथवा निखळणे, असे शब्द त्यात स्पष्ट आहेत. एक दात मोडला तरी कायद्याने ती गंभीर दुखापत. साधी दुखापत असेल तर शिक्षा एक वर्षापर्यंत आणि गुन्हा अदखलपात्र. पोलीस एनसी लिहितात आणि ‘कोर्टात जा’ म्हणून सांगतात. गंभीर दुखापत असेल तर शिक्षा सात वर्षांपर्यंत आणि गुन्हा दखलपात्र. अॅट्रॉसिटी कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीने, जी २६ जानेवारी २०१६ पासून अमलात आली, मारहाणीची ही कलमे त्या कायद्याच्या अनुसूचीत घातली. पण ज्या ठाणे अंमलदाराला अॅट्रॉसिटी लावायचीच नसते, त्याच्या हातात एनसी हे सोयीचे हत्यार असते. ते हत्यार काढून घेते ते जखमेच्या दाखल्यावरचे एक वाक्य.

हे वाक्य लिहितो कोण? रात्रीच्या ड्युटीवरचा वैद्यकीय अधिकारी. गालावर सूज, ओठाला दोन टाके, साधी दुखापत, पुढचा रुग्ण. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, त्याच्यासमोर रांग असते. परंतु जबड्याच्या सांध्याचे हाड, ज्याला काँडाइल म्हणतात, ते कानाच्या पुढे आत लपलेले असते. हनुवटीवर बसलेला ठोसा तिथवर पोहोचतो आणि हाड तिथे मोडते. बाहेरून फारसे काही दिसत नाही. वरचे-खालचे दात नीट जुळत नाहीत, तोंड उघडताना हनुवटी एका बाजूला सरकते, एवढ्या खुणांवरून ते ओळखावे लागते आणि मग ओपीजी किंवा सीटी स्कॅन काढून सिद्ध करावे लागते. लहान मुलाच्या बाबतीत तर हे चुकणे भयंकर. झाडावरून पडलेल्या पोराच्या हनुवटीला टाके घालून घरी पाठवतात आणि काही वर्षांनी त्याचे तोंडच उघडेनासे होते, कारण सांधा हाडाने जखडलेला असतो. हनुवटीची वाढ खुंटते. निरोगी माणसाच्या तोंडात स्वतःची तीन बोटे एकावर एक धरून जातात. या मुलाच्या तोंडात चमचाही जात नाही.

हे ओळखण्याचे शिक्षण ज्याला मिळाले आहे तो माणूस म्हणजे जबड्याचा सर्जन. आणि त्यालाच कोर्टात विचारले जाते, ‘तुम्ही एमबीबीएस आहात काय?’

अपघाताच्या एका दाव्यात माझ्या पक्षकाराचा जबडा दोन ठिकाणी मोडला होता. प्लेट घालून तो बसवणारा सर्जन साक्षीला आला. विमा कंपनीच्या वकिलांनी उलटतपासणीत जखमेबद्दल, प्लेटबद्दल, चघळण्याची ताकद किती गेली त्याबद्दल काही विचारलेच नाही. प्रश्न सगळे पदवीबद्दल. आपण दातांचे डॉक्टर ना? मग शरीराच्या अपंगत्वाची टक्केवारी आपण कशी सांगता? साक्षीदार पिंजऱ्यात लाल झाला. मी आक्षेप घेतला आणि दाखला शेवटी ग्राह्य धरला गेला, परंतु त्या एका प्रश्नाने तडजोडीच्या बोलणीत भाव पाडायचा तो पाडला. सर्वोच्च न्यायालयाने राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालात सांगितले आहे की शरीराचे अपंगत्व आणि कमाईची क्षमता गमावणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यासाठी डॉक्टरची साक्ष महत्त्वाची. तो डॉक्टर अमुकच पदवीचा हवा, असे त्यात नाही. जुन्या पुरावा कायद्याचे कलम ४५ असो की भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ३९, तज्ज्ञ म्हणजे त्या विषयात विशेष कुशल असलेला माणूस. कायदा कौशल्य विचारतो. पदवीची उतरंड वकील विचारतात, आणि कधी कधी साहेब लोकही.

या बाबतीत १९४८ चा दंतवैद्य कायदा तर अधिक मोकळ्या मनाचा होता. तो झाला तेव्हा बाबासाहेब देशाचे कायदामंत्री होते आणि राजकुमारी अमृत कौर आरोग्यमंत्री. त्या कायद्याने ‘दंतवैद्यक’ या शब्दाची जी व्याख्या केली तिच्यात नुसते दात नाहीत, जबडाही आहे. मानवी दात वा जबड्यावरील कोणतीही शस्त्रक्रिया, त्यांच्या कोणत्याही आजारावरचा उपचार आणि त्यासाठी भूल देणे, हे सगळे त्यात घेतले होते. या कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय दंत आयोग कायदा मंजूर केला. म्हणजे जबडा कुणाचा, हा प्रश्न कायद्याने पाऊणशे वर्षांपूर्वीच सोडवला होता. तो पुन्हा पुन्हा उकरणारे दुसरे आहेत.

जगात याबाबत एकमत आहे, असेही कुणी सांगू नये. ब्रिटनमध्ये हा विषय वैद्यकाची शाखा मानतात आणि सर्जनकडे दोन्ही पदव्या लागतात. जर्मनीतही तसेच. स्पेनमध्ये वैद्यकीय पदवीवरून या विषयात येतात, जपानमध्ये दंतवैद्यकावरून. अमेरिकेत चार वर्षांचे प्रशिक्षण आहे आणि वैद्यकीय पदवीसह सहा वर्षांचेही आहे. दोन्ही वाटांनी आलेला माणूस एकाच बोर्डाच्या परीक्षेला बसतो. इतकी श्रीमंत राष्ट्रे इतक्या वेगळ्या वाटांनी जातात आणि तरीही सगळीकडे जबडे जुळतात, यावरून जो बोध घ्यायचा तो घ्यावा.

वराझ्ताद कझान्जियान या माणसाचे नाव आपल्याकडे फारसे कुणाला ठाऊक नसेल. तो आर्मेनियन. १८९५ मध्ये पोरवयात अमेरिकेला गेला आणि वूस्टर शहरात तारेच्या कारखान्यात मजुरी करू लागला. तार वळवणारे ते हात पुढे हार्वर्डच्या दंत महाविद्यालयात गेले. पहिल्या महायुद्धात खंदकातून डोके वर काढणाऱ्या शिपायांचे चेहरे गोळ्यांनी उडत. १९१५ पासून त्याने फ्रान्समधल्या इस्पितळात हे चेहरे जोडायला सुरुवात केली, तार आणि पट्ट्यांनी जबडे बांधत. त्या वेळी त्याच्याकडे वैद्यकीय पदवी नव्हती. युद्ध संपवून तो परतला आणि पुन्हा विद्यार्थी झाला. १९२१ मध्ये त्याने हार्वर्डची एमडी घेतली आणि पुढे तो तिथेच प्लास्टिक सर्जरीचा प्राध्यापक झाला. दोन पदव्यांचे समर्थक त्याचे उदाहरण देतील आणि ते खरेही आहे. पण क्रम पाहा. ज्या कामासाठी जगाने त्याला ओळखले ते त्याने दुसऱ्या पदवीआधी केले. पदवीने त्याला नवे दालन उघडून दिले. शिपायांचे जबडे त्या दालनाबाहेरच जोडले गेले होते.

आपल्या पुण्याची गोष्ट तर त्याहून बोलकी आहे. टिपूविरुद्धच्या लढाईत इंग्रज फौजेबरोबर असलेला कावसजी नावाचा बैलहाक्या पकडला गेला आणि त्याचे नाक कापले गेले. त्याला कपाळाच्या कातडीचे नवे नाक बसवून दिले ते विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने. इंग्रज डॉक्टर बाजूला उभे राहून बघत होते. १७९४ साली लंडनच्या मासिकात त्याची हकिगत चित्रासह छापून आली आणि ती वाचून तिथल्या कार्प्यू नावाच्या सर्जनने १८१४ मध्ये तीच शस्त्रक्रिया करून पाहिली. आज प्लास्टिक सर्जरीचा गौरव करताना सुश्रुताचे नाव घेतले जाते. ज्याने प्रत्यक्ष सुरी धरली त्या कारागिराचे नावसुद्धा कुणी नोंदवून ठेवले नाही. हाताने काम करणारा खाली आणि ग्रंथ सांगणारा वर, ही या देशाची जुनी खोड आहे. ती इस्पितळाच्या पायऱ्यांवर चप्पल काढून आत जात नाही.

म्हणून काय पदव्या नकोत, असे मी म्हणतो आहे काय? मुळीच नाही. तसे म्हणणे आपल्या चळवळीला शोभणार नाही. कावसजीच्या कारागिराकडे भूल नव्हती, रक्त चढवण्याची सोय नव्हती, जंतू म्हणजे काय ते ठाऊक नव्हते. आजच्या रुग्णाला हे सगळे लागते. तोंडाच्या कर्करोगाच्या रुग्णाला मधुमेह असतो, रक्तदाब असतो, हृदयासाठी रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतात. जबडा काढून पायाचे हाड आणि त्याच्या रक्तवाहिन्या मानेत जोडायच्या, तर ते काम आठ-दहा तास चालते आणि पुढचे काही दिवस अतिदक्षता विभागात डोळ्यांत तेल घालून बसावे लागते. रात्री दोन वाजता रुग्णाचा श्वास कोंडला तर काय करायचे, हे ज्याला कळत नाही त्याने सुरी हातात घेऊ नये. या ज्ञानाचा फायदा आहे यात वाद नाही. मोठ्या शहरातल्या मोठ्या रुग्णालयात असल्या शस्त्रक्रियांचा विभाग चालवायचा असेल, किंवा ब्रिटनमध्ये जाऊन काम करायचे असेल, तर ज्याला जमेल त्याने दुसरी पदवी जरूर घ्यावी. रुग्णही आपलाच आहे. आपल्या मुलांची सोय व्हावी म्हणून आपल्याच रुग्णाचा जीव धोक्यात घालणारी भूमिका मला मान्य नाही.

मुद्दा असा की एमबीबीएसमधून ज्ञान मिळते आणि मानही मिळतो, आणि या दोन गोष्टींची सरमिसळ मुद्दाम केली जाते. ज्ञान हवे असेल तर ते एमडीएसच्या तीन वर्षांतच वाढवता येते. सामान्य शस्त्रक्रिया, भूलशास्त्र, मेडिसिन अशा विभागांत फिरत्या नेमणुका एमडीएसच्या अभ्यासक्रमात लिहिलेल्याच आहेत. त्या खऱ्या होतात की नुसत्या वहीत सह्या होतात, हे तपासा. जिथे कॉलेजला जोडून मोठे रुग्णालयच नाही तिथे हा विद्यार्थी अतिदक्षता विभाग बघणार कुठे? हे सोडून त्याला सांगायचे की पुन्हा शरीररचनेच्या पहिल्या तासाला जाऊन बस, म्हणजे जे एकदा शिकला तेच पुन्हा शीक. ब्रिटनमध्ये दंतवैद्यांसाठी काही ठिकाणी वैद्यकीय अभ्यासक्रम आखूड करून दिला आहे. आपल्याकडे तशी सवलत नाही. पुन्हा नीट परीक्षा, पुन्हा साडेपाच वर्षे.

हिशेब मांडा. अठराव्या वर्षी बीडीएसला गेलेला मुलगा एकही वर्ष वाया न घालवता सव्विसाव्या वर्षी एमडीएस होतो. पुढे साडेपाच वर्षे एमबीबीएस म्हणजे वय एकतीस-बत्तीस. आपल्या वस्तीतला मुलगा एकही वर्ष वाया न घालवता इथवर पोहोचतो, हे गृहीतच धाडसाचे आहे. त्याच्या मागे बहिणीचे लग्न असते, शैक्षणिक कर्ज असते, थकलेला बाप असतो. आणि हे सगळे पेलून तो राखीव जागेवर दुसऱ्यांदा प्रवेश घेतो असे धरले, तर ती जागा कुणाची गेली? बारावी होऊन पहिल्यांदाच नीट देणाऱ्या आपल्याच एखाद्या मुलीची. एमबीबीएसची प्रत्येक जागा आपल्याला लढून मिळालेली आहे. आठ वर्षे शिकलेल्या सर्जनवर ती पुन्हा खर्च करायला लावणारी अट समाजाच्या ताटातलाच घास काढते. बंगल्यातल्या मुलाला मात्र या अटीने काही फरक पडत नाही. वडिलांचे नर्सिंग होम वाट पाहत असते.

आणि त्या कॉलेजांतली वर्षे नुसती वर्षे नसतात. मे २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी या आदिवासी समाजातल्या पदव्युत्तर विद्यार्थिनीने आत्महत्या केली. जातीवरून छळ झाल्याचा आरोप होऊन खटला उभा राहिला. पाच-सहा वर्षे आणखी शिका, असा सल्ला देणाऱ्यांनी ती वर्षे कुठल्या वसतिगृहात, कुणाच्या नजरेखाली काढायची तेही सांगावे.

बाबासाहेबांनी नाही का इतक्या पदव्या घेतल्या, असे आपलेच काही बांधव म्हणतील. घेतल्या. पण बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली तेव्हा १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले आणि पैसे जमवून १९२० मध्ये पुन्हा जावे लागले, हेही लक्षात ठेवावे. त्यांची प्रत्येक पदवी एका कामासाठी होती. अर्थशास्त्र वेगळे, कायदा वेगळा. त्यांना कुणी अर्थशास्त्रच दुसऱ्या नावाने पुन्हा शिकायला लावले नव्हते. वकिलीच्या धंद्यातसुद्धा एके काळी बॅरिस्टर, अॅटर्नी, वकील, प्लीडर अशी उतरंड होती. १९६१ च्या अॅडव्होकेट्स कायद्याने ती मोडून सगळ्यांना अॅडव्होकेट केले. आकाश कोसळले नाही.

आता व्यवस्थेचा दुटप्पीपणा पाहा. नोव्हेंबर २०२० मध्ये केंद्राच्या अधिसूचनेने आयुर्वेदाच्या पदव्युत्तरांना ५८ प्रकारच्या शस्त्रक्रियांची मुभा दिली. त्यात दात काढणे आणि रूट कॅनॉलसुद्धा आहे. महाराष्ट्र सरकारने २०१४ मध्ये कायदा दुरुस्त करून होमिओपॅथांना एक वर्षाच्या अभ्यासक्रमावर अॅलोपॅथीच्या औषधांची वाट करून दिली. त्यावरून २०२५ मध्ये डॉक्टरांचा संप झाला. सर्वोच्च न्यायालयाने पूनम वर्मा विरुद्ध अश्विन पटेल या मुंबईच्या प्रकरणात १९९६ मध्येच बजावले होते की जी उपचारपद्धती शिकलेला नाही ती वापरणे हाच निष्काळजीपणा. तिथे एक वर्ष पुरते. आणि ज्याने आठ वर्षे आधुनिक वैद्यकाच्याच एका शाखेचे शिक्षण घेतले, त्याला साडेपाच वर्षे आणखी!

दंतवाल्यांचाही पक्ष सगळा धुतल्या तांदळासारखा नाही. डिसेंबर २०२२ मध्ये भारतीय दंत परिषदेने जाहीर केले की मुखशल्यचिकित्सक चेहऱ्याच्या सौंदर्यशस्त्रक्रिया आणि केसरोपणही करू शकतात. डोक्यावरचे केस जबड्यात कधीपासून आले, हे मला कळलेले नाही. केस, नाक, सुरकुत्या यांवरून प्लास्टिक सर्जन, त्वचारोगतज्ज्ञ आणि दंतवाले हमरीतुमरीवर येतात, कारण तिथे पैसा आहे. मशेरीने आणि गुटख्याने ज्याचे तोंड दोन बोटांवर आले आहे त्या रुग्णावरून कुणी कुणाशी भांडलेले मी ऐकले नाही. महाराष्ट्रात गुटखाबंदी २०१२ पासून आहे, आणि टपरीवर पुडी आजही मिळते.

थळच्या माणसाला जे हवे ते अगदी साधे आहे. जबडा मोडला तर बोटीत किंवा गाडीत घालून मुंबईला पळावे न लागता अलिबागच्या सिव्हिलमध्येच तो जोडला जावा आणि दाखला खरा मिळावा. अलिबागला २०२१ पासून शंभर जागांचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे भूलतज्ज्ञ आहेत, मेडिसिन आहे, सर्जरी आहे. सरकारी दंत महाविद्यालयांतल्या एमडीएसच्या विद्यार्थ्यांना सहा महिने-वर्षभर सक्तीने अशा जिल्हा रुग्णालयांत ठेवले, तर त्यांना हवे ते ज्ञान मिळेल आणि इथल्या रुग्णाला सर्जन मिळेल. त्यासाठी नवी पदवी लागत नाही, एक शासन निर्णय लागतो.

कार्यकर्त्यांनी माहिती अधिकारात जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयाकडे अर्ज टाकावेत. जिल्ह्यात एमडीएस मुखशल्यचिकित्सकाची मंजूर पदे किती आणि भरलेली किती, गेल्या तीन वर्षांत जबड्याच्या अस्थिभंगाचे किती रुग्ण आले आणि किती मुंबईला पाठवले, ओपीजीचे यंत्र चालू आहे की बंद, आणि मारहाणीच्या किती रुग्णांचा जखमेचा दाखला देण्यापूर्वी दंत विभागाचे मत घेतले गेले. अर्जाला दहा रुपयांचे तिकीट लागते. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तेही लागत नाही.